कान असलेली उशी

देवाने माणसाला डोके दिले आणि ते टेकण्यासाठी आधी आईची मांडी दिली. ज्यांच्या नशिबी पुढे घरदार असते, अंथरूण असते, शेजारी आपले माणूस असते, त्यांना त्या मांडीची आठवणही राहत नाही. पण पोटासाठी जो मुलूख सोडून जातो, त्याने डोके कुठे टेकावे? साताऱ्याकडच्या हौसेरावांनी ते तीस वर्षे एका लुगड्यावर टेकले.

लुगडे बाळाबाईचे होते. हिरवे इरकली, तांबड्या काठाचे. लग्नाला जेमतेम सव्वा महिना झालेला. हौसेराव मुंबईच्या दाणाबंदरात हमालीला निघाले, तेव्हा नव्या नवरीने ते लुगडे आठपदरी घडी घालून त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. समोर सासू बसलेली, नवऱ्याशी उघड बोलायची सोय नाही. तेव्हा बाळाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परमुलखात मोकळ्या भुईवर डोकं ठेवू नगा म्हनावं कुनाला तरी."

त्या 'कुनाला तरी'ने ते शब्द जन्मभर पाळले.

दाणाबंदरातल्या एका खोलीत वीस गडी दाटीवाटीने राहत. त्यांची थट्टा ठरलेली असे. "हौशा, लेका आम्ही पोतं घेतो उशाला, आन तू बायकू घेतोस!" हौसेराव हसत, कूस बदलत आणि त्या तांबड्या काठावर गाल ठेवून डोळे मिटत. वर्षातून दोनदा गाव घडे, एकदा जत्रेला आणि एकदा दिवाळीला. एक मुलगी झाली. ती दर खेपेला वीतभर उंच झालेली दिसे, आणि एका खेपेला दिसली ती मुंडावळ्या बांधलेली. काळ असा गोणीतून दाणे सांडावेत तसा सांडत गेला. दाणाबाजार वाशीला आला, त्याच्यामागे हौसेरावही खाडी ओलांडून आले. शहाण्णव साली सिडकोच्या सोडतीत जुईनगरला एका खोलीचे घर लागले. दार स्वतःचे, खिडकी स्वतःची, नळ स्वतःचा. त्यांनी गावी पत्र धाडले: आता ये.

पण बाळाबाई यायची कशी? सासू पुतळाबाई पाय मोडून अंथरुणाला खिळली होती आणि गाव सोडायला मुळीच तयार नव्हती. म्हातारीचे एकच बोलणे. "माझी तिरडी ह्याच उंबऱ्यातनं उठंल." मग बाळाबाईचा पायही त्याच उंबऱ्यात अडकला. घर लागून वर्ष उलटले तरी दिवा लावणारा हात आला नाही.

भाद्रपद लागता लागता बाजारातल्या गाळ्यावर गावच्या किराणा दुकानातून फोन आला. पलीकडे बाळाबाई होती आणि फोनच्या नळीशी ती गावाच्या ओढ्यापलीकडल्या माणसाला हाक मारावी तशी बोलत होती.

"नवरात्र उठलं की येते. आठ दिस. शेजारची सखू बसंल आत्याबायपाशी."

"आठच?"

"आठ म्हंजी काय थोडं झालं?" मग तिने विचारले, "घरात काय काय हाय?"

"स्टो हाय. भांडी हायती. नवा दिवाण घेतलाय, लोखंडी."

"आन उशाला काय घेता?"

"तेच की."

पलीकडून दुकानातल्या तराजूचा आवाज तेवढा ऐकू आला. मग बाळाबाई अगदी हळू म्हणाली, "आजून?" आणि फोन कटला.

त्या एका शब्दाने हौसेरावांच्या जिवाला चैन पडेना. त्यांची मागणी फार नव्हती. बाळाबाईने या खोलीत पाऊल टाकावे, चहूकडे नजर फिरवावी आणि एकदा, फक्त एकदा, 'हे आपलं घर' असे म्हणावे. ती राहिली तर देवाची कृपा, परत गेली तरी ते बोल भिंतींना मिळावेत. पण भिंती कोऱ्या, दिवाण कोरा. सोसायटीतल्या इतर घरांत दिवाणावर नक्षीच्या चौकोनी उशा टेकवलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्या निजायला नसतात, नुसत्या असतात. ज्या घरात अशी नुसती असणारी वस्तू असते, त्या घरात कुणीतरी बाई राहते असे वाटते.

जुईनगरहून नेरुळच्या अंगाला जाताना सारसोळे गाव लागते. तिथे दमयंतीबाई आपल्या घराच्या ओटीवर मुलींना शिवण शिकवीत. नवऱ्याची होडी खाडीत आणि हिचे मशीन ओटीवर, असा तो संसार. रविवारच्या सुटीत हौसेराव लुगडे काखोटीला मारून तिच्या दारी उभे राहिले.

"ताई, याची एक उशी शिवून द्या. चौकोनी. दिवाणावर ठेवायची."

दमयंतीने लुगडे उलगडले, उजेडाकडे धरले. "मामा, कापड झिजलाय. पन काठ अजून झकास हाय. बसा, आताच कापते."

तिने कात्री उचलली मात्र, हौसेरावांचा हात आपसूक पुढे झाला. मणामणाचे ओझे पेलणाऱ्या त्या हाताने कात्रीच धरली.

"थांबा, ताई. दुसऱ्या कुनाची कात्री नगं. मला शिकवा."

ओटीवरच्या मुली खिदळल्या. त्यांतली रुतिका तर म्हणाली, "बाई, काकांना परकर शिकवा आधी, बेसिकमध्ये तोच असतो!"

"गप गं, तुला काजं करता येत नाय अजून," दमयंतीने तिला दटावले आणि हौसेरावांकडे वळून म्हणाली, "शिकाचा असल तर शिका. पन पयला जुन्या कापडावर. हात बसला की मंग लुगडा."

ऐंशी किलोंची गोणी पाठीवर घेणाऱ्याला सुईच्या नाकातून दोरा जाईना. आणि गेला, तेव्हा रुतिकासह सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दमयंतीने पिठाच्या जुन्या पिशवीचे दोन चौकोन कापून दिले.

"मामा, ध्यान देऊन आयका. चारी बाजूंनी बोटभर माया, म्हंजे जादा कापड, ठेवाची. दोन्ही तुकड्यांची चांगली बाजू आत, उलटी बाजू भायेर. असा उलटाच शिवाचा. तीन बाजू पुऱ्या शिवाच्या, चौथीला चार बोटांचा तोंड ठेवाचा. त्या तोंडातून सगला सुलटा कराचा, मंग कापूस भराचा आनि तोंड बारीक टाक्यांनी मिटवाचा. समजला?"

"समजलं."

समजले होते डोक्याला, हातांना नव्हे. हातांचे शिक्षण निराळ्या शाळेत झालेले. त्या शाळेत आधी माल भरतात, मग गोणीचे आख्खे तोंड दाभणाने बाहेरून शिवतात, आणि दोन्ही टोकांना कापड पिळून सुतळीने आवळतात. त्या आवळलेल्या टोकांना बाजारात कान म्हणतात. हमालाने गोणी उचलायची ती त्या कानांना धरून. हौसेरावांनी मान खाली घालून तासभर शिवले आणि मोठ्या समाधानाने उशी पुढे केली. चौथी बाजू आख्खी उघडी ठेवून, कापूस भरून मग बाहेरून शिवलेली. दोन टोकांना दोन टपोरे कान.

दमयंतीने हसू दाबले, पण रुतिकाला ते जमले नाही. "बाई, ससा झाला!"

हौसेरावही हसले. पण दुसऱ्या रविवारी पुन्हा आले, तिसऱ्या रविवारी पुन्हा आले. चौथ्या रविवारी पिशवीच्या कापडाची एक उशी बिनकानाची झाली, तेव्हा दमयंतीने तिचे कोपरे दाबून पाहिले आणि म्हणाली, "आता लुगडा कापाला हरकत नाय."

ते लुगडे हौसेरावांनी घरी, दिवाणावर बसून कापले. आधी हात धुतले. देव्हाऱ्यात नारळाएवढी विठ्ठलाची मूर्ती होती, तिला हात जोडले. कात्री काठाजवळून चालली तेव्हा त्यांना वाटले, आपण कापड कापत नाही, घडीत घडी होऊन पडलेली सारी वर्षे मोकळी करीत आहोत. ही घडी दाणाबंदरातल्या तापाची. ही मुलगी झाल्याच्या तारेची. ही बाप गेला त्या दिवसाची, पोहोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. प्रत्येक पदराला त्यांच्या तेलाचा, घामाचा वास होता. बाळाबाईचा वास मात्र पहिल्याच वर्षी उडून गेला होता. ती गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती.

निम्मे लुगडे उरले, ते त्यांनी घडी करून बाजूला ठेवले.

तीन बाजू सुरेख उतरल्या. उलटे शिवले, सुलटे केले, काठ मधोमध आला. मग कापूस भरता भरता मन गावच्या वाटेला लागले. उद्या ती एसटीत बसेल. खिडकीपाशी बसेल का? घाटात तिला मळमळते. आवळासुपारी घेतली असेल का? मन गेले घाटात, आणि हात गेले बाजारात. भानावर आले तेव्हा चौथी बाजू गोणीसारखी शिवून झाली होती, आणि दोन्ही टोकांना पीळ देऊन पक्के कान बांधले होते.

त्यांनी टाके उसवायला सुई लावली. विरलेले कापड जाळीसारखे फाकू लागले. उसवले असते तर उशीच गेली असती. त्यांनी सुई खाली ठेवली.

बाळाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंबऱ्याशी थबकली, आधी उजवे पाऊल टाकले. नळ उघडून पाहिला, मिटला. खिडकीतून खाडीकडे पाहिले. देव्हाऱ्याला नमस्कार केला. मग दिवाणाशी आली आणि तिथेच खिळली.

तिने काठ ओळखला. बोटाने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला.  मग कानाशी बोट आले.

"उशीला कान कशापायी?"

"चुकून झालं," हौसेराव पुटपुटले.

"तुमी शिवली?"

"व्हय."

"ह्या हातांनी?" तिने त्यांचा हात उलटा करून पाहिला. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. पदर डोळ्यांकडे नेता नेता तिला हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अगं बाई गं! उशी म्हनायची का धा शेराची गोनी! आन ही तर उपाशीच शिवलीसा!"

तिच्या माहेरची रीत अशी, की वाकळ असो वा उशी, शेवटचा कोपरा मिटण्यापूर्वी आत चार दाणे टाकायचे. उपाशी वाकळीत झोप लागत नाही म्हणतात. गावाहून निघताना तिने पदराच्या गाठीत शाळू ज्वारीचे दाणे बांधून आणले होते, नव्या घरातले पहिले धान्य म्हणून. तिने उशीचा एक कान सोडला. कापड फाटले नाही, टाका निघाला नाही, नुसता पीळ सुटला आणि बोटाएवढी वाट झाली. त्या वाटेने चार दाणे आत गेले. तिने कान पुन्हा बांधला.

"बरं झालं कान ठेवलं ते," ती म्हणाली.

आठ दिवस कसे गेले ते त्या खोलीला विचारावे. सकाळी तिच्या बांगड्यांनी जाग येई, कामावरून येताना जिन्यातच भाकरीचा वास भेटे. हौसेराव एक गोष्ट मात्र विचारीत नव्हते आणि बाळाबाई सांगत नव्हती. सातव्या दिवशी तिने उरलेले निम्मे लुगडे काढले.

"मला बी शिकवा तुमची शिवन."

मग मोठा थाट झाला. चार रविवारांचा विद्यार्थी गुरू होऊन बसला. "चांगली बाजू आत. उलटं शिवायचं. आगं, आख्खं तोंड नगं, चारच बोटं!"

"व्हय, मास्तर," बाळाबाई म्हणाली आणि जन्मभर वाकळी शिवलेल्या बोटांनी बारीक, सरळ, मोत्यांसारखे टाके घातले. तोंड मिटण्यापूर्वी चार दाणे टाकले. उशी झाली, चौकोनी, नेटकी, बिनकानाची. ती तिने दिवाणावर ठेवली आणि कानाची उचलून आपल्या पिशवीत घातली.

हौसेरावांना उत्तर मिळाले. तरी ते म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे की हितं. लई वाईट शिवलीय."

"तीस वर्सं लुगडं तुमच्याकडं ऱ्हायलं. मी तिकडं रित्या उशालाच निजले न्हवं? ही माझी." मग पिशवीचा बंद आवळीत, यावेळी भिंतीकडे न पाहता, त्यांच्याकडेच पाहून ती म्हणाली, "आत्याबाय हायती तवर मला तिकडंच ऱ्हायाला पायजे. पर आपल्या ह्या घराला कुलूप लावत जावा नीट. आन खिडकीला एक पडदा करा. फुडल्या खेपंला येईन तवा मापात हाय का बगीन."

आपल्या ह्या घराला. हौसेरावांनी मान वळवली. त्यांना ते पुन्हा सांग म्हणायचे होते. धीर झाला नाही.

सकाळी वाशीच्या हायवेवर साताऱ्याची गाडी आली. गर्दीत पिशवीचा बंद सुटला, उशी बाहेर आली. बाळाबाईने ती कानाला धरून उचलली, पोटाशी घेतली आणि तशीच वर चढली. खिडकीतून वाकून म्हणाली, "कुनी इचारलं तर सांगन, मालकानं गोनी दिलीया."

गाडी वळणाआड होईपर्यंत तो तांबडा काठ खिडकीत दिसत राहिला.

हौसेराव घरी आले. कुलूप काढले. स्टोव्हशी तिने धुऊन उपडे घातलेले पातेले अजून ओले होते. ते दिवाणावर बसले. उशी मांडीवर घेतली, अंगठ्याने तिचा एकेक कोपरा चाचपीत गेले, आणि शेवटच्या कोपऱ्यात दाणे लागले. एक, दोन, तीन, चार. त्यांनी गाल त्या कोपऱ्यावर टेकला. तिच्या हातांचा, भाकरीच्या पिठाचा, ओल्या हळदीचा वास अजून त्या टाक्यांत होता. या वेळी तो किती दिवस टिकेल, एवढेच त्यांनी विठ्ठलाकडे पाहून मनात विचारले.