काड्यांवरचं भरीत आणि गुरुवारचा जोडतास

वंदनाचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "गुरुवारी शाळेत भरीत आहे, ये," म्हणाली. थंडीत खानदेशात भरीत असणं ही काही बातमी नव्हे, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "कदाचित शेवटचाच जोडतास असेल गं." मग मी मुकाट रजा टाकली.

वंदना सपकाळे माझी कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेली मैत्रीण. आता एरंडोल-धरणगाव रस्त्यावरच्या एका गावात शाळेची ग्रंथपाल. मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवते आणि संधी मिळाली की भटकून इथे ब्लॉगवर लिहिते. जोडतास हा तिचा आणि विज्ञानाच्या बोरसे सरांचा उद्योग. दर गुरुवारी आठवीचा वर्ग ग्रंथालयात बसतो, समोर हे दोघं. मुलांनी प्रश्न काढायचा आणि उत्तर शोधायचं. या दोघांनी उत्तर माहीत असलं तरी सांगायचं नाही. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, त्यांच्या मते त्या वेळात शिष्यवृत्तीचा सराव झालेला बरा. या गुरुवारी ते स्वतः बघायला येणार होते आणि तास ठेवायचा की नाही ते ठरवणार होते.

बुधवारी सकाळी जळगावला उतरले तर थंडी अशी की चहाचा ग्लास सोडवेना. स्टँडवर पोहे खाल्ले, त्यावर मूठभर शेव न मागता पडते. एरंडोलसाठी एसटी बरी. गाड्या भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. महामार्ग आता रुंद झालाय. दोन्ही बाजूंना कपाशी, काही शेतांत वेचणी चाललेली, काहींत नुसत्या वाळक्या काड्या उभ्या. या काड्या लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडणार आहे.

दुपारी वंदनाने पद्मालयाला नेलं. एरंडोलहून रिक्षा जाता-येता ठरवून घ्या, नाहीतर परतताना वाहन मिळायची मारामार. आत दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. बाहेर तळं, त्यात कमळं, आणि आजूबाजूला इतकी शांतता की मीही पाच मिनिटं बोलले नाही. रिक्षावाल्याने तळ्याबद्दल दोन कथा सांगितल्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. मी खरी कुठली ते सांगायला तोंड उघडलं, तर वंदना म्हणाली, "उद्या वर्गात हे करायचं नाही. तुझ्या तोंडाला कुलूप पाहिजे." मला राग आला, कारण तिचं खरं होतं. एखाद्याने प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत असलं की माझ्या पोटात ते राहत नाही. रात्री तिच्याकडे शेवभाजी होती. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

गुरुवार. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, कपाटांना कुलपं नाहीत. फळ्यावर तीन खाने आखलेले: ऐकलं, वाचलं, करून पाहिलं. मुलांचा प्रश्न असा होता की भरिताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं तर चव खरंच वेगळी लागते का, की आपण नुसतं म्हणतो? पहिला खाना घरोघरच्या आज्यांनी भरला होता. दुसऱ्यासाठी वंदनाने मुलांना पाककृतींची पुस्तकं, शेतीची मासिकं आणि ज्वलनावरचा धडा शोधायला लावला होता, आणि एका पुस्तकात गॅस, दुसऱ्यात निखारा असं निघाल्यावर पुस्तकंही भांडतात हे मुलांना कळलं होतं. तिसरा खाना बोरसे सरांचा. तो आज भरायचा होता.

वांगी नानांच्याच शेतातली, हिरवी, लांबोडी, हातात मावणार नाहीत एवढी. निम्मी मैदानात काड्यांच्या जाळावर, निम्मी पोषण आहाराच्या गॅसवर. काड्यांचा जाळ भसकन येतो आणि लगेच बसतो, म्हणून मुलं सारखी पळत होती. सोलून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात दोन्हीत सारखंच घालून भरीत ठेचलं. एका ताटलीखाली लाल खूण, दुसरीखाली निळी. खाणाऱ्याने ओळखायचं.

नाना पांढऱ्या सदऱ्यात आले, मुख्याध्यापक मागे. आता पाहुण्यांना परीक्षक करायचं हे वंदनाच्याच डोक्यातून निघालं होतं, आणि मला वाटतं ते तिला त्या क्षणापर्यंत फार हुशारीचं वाटत होतं. नानांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर एक घास खाल्ला, मग दुसऱ्या ताटलीतला. तिसरा त्यांनी घेतलाच नाही.

"हाई काड्यासवरनं शे," ते एका ताटलीकडे बोट करून म्हणाले. "डोया झाकीसन सांगस."

मुलांनी ताटली उचलून खाली पाहिलं. निळी खूण. गॅस.

नंतर बाकीच्यांनी खाल्लं, मीही. काहींना बरोबर ओळखता आलं, काहींना नाही, मी सपशेल चुकले. निष्कर्ष वाचायची पाळी पूनमची होती. तिची आई नानांच्याच शेतात कापूस वेचते, हे मला वंदनाने सकाळीच सांगितलं होतं. पूनम फळ्यापाशी उभी राहिली. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. बोरसे सर खिडकीबाहेर बघत होते, वंदना स्वतःच्या हातांकडे. दोघांपैकी कुणीही तिला वाचवायला गेलं नाही, आणि मला दोघांचाही इतका राग आला की मीच उठून काहीतरी गोड बोलून प्रकरण मिटवणार होते. वंदनाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी बसले.

"आमच्या चाचणीत काड्यांवरचं भरीत खात्रीने ओळखता आलं नाही," पूनमने वाचलं. मग खडू हातात घेऊन ती थांबली. आम्हाला वाटलं, घाबरली.

"पण सर, भांडं," ती म्हणाली.

भरीत ठेचायला शाळेत लाकडाचं खोलगट भांडं एकच होतं. आधी त्यात काड्यांवरची वांगी ठेचली होती, आणि नुसतं पुसून लगेच गॅसवरची. लाकडात धुराचा वास राहिला असेल तर तो दुसऱ्या भरितात गेला असणार. बोरसे सरांचा चेहरा पडला. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वंदनाच्याही नाही. इतकी पुस्तकं धुंडाळली, फळा आखला, आणि माशी शिंकली ती भांड्यावर.

नाना खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे मी चुकनू का नही?"

पूनमने वर पाहिलं. वाचताना ती पुस्तकी मराठी बोलत होती, आता घरचं बोलली. "नाना, तुम्ही चुकनात का आम्ही चुकनूत, ते आजून कोनलेच माहीत नही."

मग नाना हसले. आधी मिशीत, मग पोट धरून. मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, शिष्यवृत्तीचा सराव दुसऱ्या वारी ठेवा, हे अर्धवट सोडता यायचं नाही. "पुढला गुरुवारले वांगा मी धाडसू. आनि भांडा दोन ल्या." वंदना पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले नाही. रडायचं असेल तर रडू दे म्हटलं.

शुक्रवारी पारोळ्याला उतरून किल्ला पाहिला. आत गवत वाढलंय, पाण्याची बाटली सोबत ठेवा. तिथून एसटीने धुळे, आणि धुळ्याहून पुण्याची गाडी सहज मिळाली. पिशवीत नानांनी दिलेली वांगी होती आणि मी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी ती गॅसवर भाजली. छान झालं भरीत. काड्यांवरचं जास्त छान लागलं असतं का, मला माहीत नाही, आणि हे वाक्य लिहायला मला किती जड जातंय ते माझ्या ओळखीच्यांना विचारा.

आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल कुलकर्णी बाईंचं आणि माझं बोलणं आजवर "पुस्तक जमा करा" एवढंच. सोमवारी त्यांच्याकडे गेले आणि सातवीचा एक तास दोघींनी मिळून घ्यायचा का, असं विचारलं. त्यांनी आधी चष्म्यावरून मला नीट पाहिलं, मग किल्ल्यांचा जुडगा उचलला. पोरं ग्रंथालयात जाऊन बसली. शाळेपुढच्या पाराखाली पूर्वी काय होतं, असा प्रश्न निघाला. कुणी विहीर म्हणालं, कुणी थडगं. शेवटी मागच्या बाकावरून एकाने वैतागून विचारलं, "मॅडम, तुम्हाला तर माहितीय ना? सांगून टाका की."

मला माहीत होतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी कुलकर्णी बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघीही गप्प राहिलो.