गाईडमधलं उत्तर

शेजारची मेघा सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या घालत पाठांतर करतेय. जुन्या काळच्या एका इंग्रज कादंबरीकाराने गरिबांच्या पोरांना धाकात ठेवून घोकायला लावणाऱ्या शाळांवर कसे कोरडे ओढले, याचं गाईडमधलं उत्तर! एक शब्द अडला की तिचा चेहरा उतरतो आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

"कादंबरी वाचलीस का गं?"

"नाही हो काकू. शब्द बदलला तर मार्क कापतात."

ज्या भीतीविरुद्ध त्या माणसाने जन्मभर लेखणी झिजवली, तीच आता त्याचं नाव घेऊन पोरींच्या मनात शिरली आहे.

गाईड माझ्या हातात देत मेघा म्हणाली, "चुकले तर लगेच टोका हं."

मी पान काढून वर पाहिलं. कॉलेजातली ही मुलगी माझ्यापुढे हाताची घडी घालून उभी होती.