काटा उतरेपर्यंत

गॅरेजच्या कोपऱ्यात जुने फिल्टर साठत जातात, तसेच किस्सेही साठतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, कुणी फेकूनही देत नाही. नाशिकजवळच्या अंबडच्या आमच्या गॅरेजात निम्मे किस्से एकट्या दादाचेच. दादा म्हणजे संतोष, माझा सख्खा मोठा भाऊ. दहा चाकी ट्रक चालवायचा. चार महिने झाले त्याला जाऊन. आता येईल तो ड्रायव्हर चहा पिता पिता त्याचा एक किस्सा सांगतो, हसतो आणि शेवटी हळूच म्हणतो, "काट्यानंच नेला रे त्याला."

किस्से सांगा, खुशाल हसा. पण ते शेवटचं वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही. दोघांची कॉलर धरून झालीय माझी. म्हणून म्हटलं, आता मीच सांगतो सगळे. पहिल्यापासून.

*

काटा म्हणजे काय ते आधी सांगतो. टर्बोवाल्या डिझेल गाडीत इंजिनातून निघणारा तापलेला धूर टर्बोतून, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यातून जातो. लोड भरून घाट चढलं की तो धूर सहाशे डिग्रीच्याही वर जातो. त्याहून फार तापला तर टर्बो जळतो, पिस्टन वितळतो. दादाच्या गाडीचा टर्बो कसारा घाटात असाच गेला. शेठ, म्हणजे गाडीचा मालक, सगळ्यांदेखत म्हणाला, "पायात अक्कल नाय तुझ्या!"

दादाला ते लागलं. आठवड्याभरात त्यानं कुठूनसा धुराचं तापमान दाखवणारा मीटर मागवला. काटा तो त्याचाच. मी गॅरेजात वायरमन. सातवीत शाळा सोडली, पण वायर मला कळते. सेन्सर बसवायला धुराच्या पाइपाला टर्बोच्या अलीकडे भोक पाडावं लागतं, आणि लोखंडाचा कीस आत गेला तर टर्बोची पाती खलास. दादा म्हणाला, "इंजिन चालू ठेव. धूरच कीस बाहेर फेकंल."

फेकला की! सगळा माझ्या तोंडावर. भुवया करपल्या, नाक काळं. मी शिव्या घालतोय आणि दादा टॉर्च मारून वाकून बघतोय.

"बारक्या, लय सुंदर झालंय!"

"माझं तोंड?"

"भोक!"

*

चाचा आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. तीस वर्षं घाट चढतायत. मीटर बघून म्हणाले, "ताप बघायला मी काय डॉक्टर हाय? मी कानानं गाडी चालवतो. इंजिन बोलतं माझ्याशी."

एकदा दोघं मुंबईहून बरोबरच निघाले, लोडही सारखाच. घाटाच्या पायथ्याला चाचांनी हॉर्न वाजवून दादाला ओव्हरटेक केलं आणि मागे काळा धूर सोडत निघून गेले. दादाचं आपलं ठरलेलं. काटा वर सरकला की गियर खाली टाकायचा, पाय हलका करायचा. बैलगाडीच्या चालीनं तो वर पोचला. शेवटच्या वळणावर चाचांची गाडी कडेला उभी, इंजिन बघायला केबिन उचललेली आणि चाचा दगडावर बसलेले.

दादानं गाडी थांबवली, त्यांना पाण्याची बाटली दिली आणि अगदी अदबीनं विचारलं, "चाचा, काय बोललं इंजिन?"

*

शेठ पहिल्यांदा त्या गाडीत बसला तेव्हा मीटरकडे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "साडेसहाशे? अरे, स्पीड कमी कर!"

दादा म्हणाला, "शेठ, आपण वीसनं चाललोय. हा धुराचा ताप हाय."

"मग ताप कमी कर."

"लोड कमी करा, आपोआप कमी होईल. काटा मी चढवत नाय, तुमचा माल चढवतो."

शेठला हे चाललं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात आली तर मीटरच्या काचेवर बरोब्बर मध्यभागी देवाचं स्टिकर! शेठनं स्वतःच्या हातानं लावलेलं. काढायची कुणाची हिंमत होईना. दादानं पाया पडून, नखानं हळूहळू ते सोडवलं आणि वर, समोरच्या काचेवर लावलं. म्हणाला, "देवाला इथनं रस्ता दिसंल. तिथं बसून त्याला नुसता ताप."

*

दादाचा एक नियम होता. घाट चढून आलं की लगेच इंजिन बंद करायचं नाही. टर्बो लालबुंद असतो. इंजिन बंद झालं की तेल फिरायचं थांबतं आणि आतल्या आत करपून बसतं. म्हणून काटा दोनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन चालू आणि दादा सीटवर. खाली उतरायचं नाही म्हणजे नाही. वहिनी चिडायची. दारात गाडी घरघरतेय, चहा निवतोय. ती म्हणायची, "तुमचा काटा उतरंस्तोवर माझा चढतो!"

माझ्यासाठी मुलगी बघायला घोटीच्या पलीकडे एका गावाला गेलो. गाडी रिकामी करायला वेळ नव्हता, म्हणून भरलेल्या ट्रकनंच गेलो. गाव चढावर. मी आणि वहिनी उतरलो. मुलीचे वडील हात जोडून दारात उभे. दादा वर केबिनमध्ये, डोळे डॅशबोर्डवर.

वडील म्हणाले, "पाव्हणं का उतरत नाहीत? काही चुकलं का आमचं?"

मी म्हटलं, "नाही, ते जरा थंड होतायत."

वडिलांना वाटलं, माणूस रागीट आहे. दादा उतरला तोवर त्यांचा निर्णय झाला होता. परत येताना मी रस्ताभर भांडलो. दादा शांतपणे म्हणाला, "पोरगी दुसरी मिळंल रे. टर्बो वाचला!"

*

आता माझा किस्सा. हाही सगळे सांगतात, तेव्हा मीच सांगतो.

सेन्सर बदलताना मी दोन वायरी उलट जोडल्या. त्या उलट्या झाल्या की धूर जितका तापेल तितका काटा उलटा पळतो. दादाचा घाटातून फोन. "बारक्या, मी चढतोय आणि काटा शून्याच्या खाली घुसतोय. इंजिनात बर्फ व्हायला लागला का?"

फोन स्पीकरवर होता. गॅरेज लोळायचं बाकी राहिलं. आठवडाभर माझं नाव 'बर्फवाला'. मी फुगून बसलो.

वायरी मी सरळ केल्या, पण मीटरच जुना झाला होता. काटा मध्येच अडकायचा. दादा काचेवर टिचकी मारायचा की सुटायचा. तो म्हणाला, "एकदा उघडून बघ की." माझा राग गेला नव्हता. म्हटलं, "उद्या बघतो. आणि टिचक्या मारणं बंद कर. काच फुटली तर बर्फवाल्याला सांगायचं नाही!"

दादानं हात जोडले. "वायरमनसाहेब म्हणतील तसं."

पंधरा दिवस मी रोज 'उद्या' म्हणालो. त्यानं मात्र खरंच टिचकी मारणं सोडलं. काटा अडकला की आपोआप सुटेपर्यंत बघत बसायचा. चाचांनी एकदा मारायला बोट पुढे केलं तर यानं त्यांचा हात धरला. "नको चाचा, बारक्या वरडंल."

*

दादाच्या तेराव्याला शेठ आला. जेवला. पान लावता लावता म्हणाला, "दोन मिनिटं आधी खाली उतरला असता तर वाचला असता. त्या काट्यापायी गेला. काढून टाक रे तो मीटर, अपशकुनी."

मी कोपऱ्यातला चाकाचा पाना उचलला. चाचांनी मागून मिठी मारली म्हणून शेठ आज चालतोय.

मीटर मी काढला. शेठनं गाडीवर नवीन ड्रायव्हर ठेवला, घाटात जोरात चढणारा, वेळेत पोचणारा. महिन्याच्या आत गाडी दोरीनं ओढून आमच्याकडे आणली. टर्बो जळालेला. शेठ सगळ्यांदेखत त्या पोराला म्हणाला, "पायात अक्कल नाय तुझ्या!"

कुणीच हसलं नाही. मी हसलो.

*

आणि हा शेवटचा. हा चाचांनाही अर्धाच माहीत आहे.

दुपारची वेळ. दादा आणि चाचा मागेपुढे घाट चढून घोटीजवळच्या धाब्यावर थांबले. चाचा उतरून दादाच्या केबिनपाशी गेले. दादाला घाम आलेला, हात छातीवर. म्हणाला, "ॲसिडिटी झालीय वाटतं. अंग लय जड झालंय."

चाचा म्हणाले, "चल, उतर. पुढं दवाखाना हाय, दाखवून येऊ."

दादा म्हणाला, "तीनशेवर हाय अजून. उतरला की आलोच."

चाचांना हसू आलं. रोजचंच होतं. ते आत गेले, चहा सांगितला, त्याचाही सांगितला. चहा आला, निवला. इंजिनची घरघर बाहेर चालूच. अर्ध्या तासानं चाचा पुन्हा बघायला आले तेव्हा दादाचं डोकं स्टिअरिंगवर होतं. चाचांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, धाब्यावरच्या पोरांना हाका मारल्या, त्याला उचलून नेलं. डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली.

मी नाशिकहून पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दादाला घेऊन सगळे पुढे गेले होते, गाडी आणायला मी एकटाच मागे राहिलो. आधी इंजिनला हात लावला. गार. धुराच्या पाइपाला लावला. तोही गार. मग केबिनमध्ये चढलो, त्याच्या सीटवर बसलो.

काटा तीनशेवर होता.

मी काचेवर एक टिचकी मारली. काटा झटकन शून्यावर आला.