दहाची गाडी आणि बंद दार

त्याला मी इथे 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर सात-आठ वर्षं 'सर' म्हटलं, तेवढं पुष्कळ झालं.

तो आम्हाला नगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. शिकवायचा चांगलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बरोबर दहाला हजेरी सुरू करायचा, आणि शेवटचा नंबर पुकारला की उठून स्वतःच्या हाताने दाराला आतून कडी लावायचा. उशिरा आलेल्याने दार वाजवायचं. मग दाराची एक फळी उघडायची, आणि आलेल्याने उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, उशिराचं कारण सांगायचं. कारण पटलं तर आत, नाही तर बाहेर. पटलेलं मी फारसं पाहिलं नाही.

मी पारनेर तालुक्यातला. शेवटच्या वर्षाला होतो आणि साल बहात्तरचं होतं, म्हणजे विहिरींचे तळ दिसत होते. गावातले निम्मे लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, त्यात माझी आईही. खाणावळ आमच्या आवाक्यातली नव्हती, त्यामुळे गावाकडच्या इतर पोरांसारखा माझाही डबा एस.टी.ने यायचा. आई भल्या सकाळी भाकरी करायची, डबा जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची, फाट्यावर जाऊन कंडक्टरच्या हातात द्यायची आणि मग कामावर जायची. नगरच्या स्टँडवर गाडी लागली की आम्ही टपावरून, सीटखालून आपापलं फडकं ओळखून डबे काढून घ्यायचो. गाडी पंधरा मिनिटं थांबून पुढे शेवगावला जायची. ज्याचा डबा राहिला त्याचा डबा शेवगाव पाहून संध्याकाळी गावाला परत.

वेळापत्रकात ही गाडी पावणेदहाला होती. प्रत्यक्षात ती दहा वाजून गेल्याशिवाय कधी आली नाही.

पहिल्यांदा मी दार वाजवलं तेव्हा धापा टाकत होतो आणि डबा हातातच होता.

"कारण?" त्याने विचारलं.

"डबा आणायला गेलो होतो सर. गाडी उशिरा आली."

त्याने आधी फडक्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे. "असं? मग उद्यापासून हजेरी कंडक्टरकडेच लावत जा."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही त्याच्या बोलण्याइतकीच चीड येते. त्याने कडी लावली. त्या दिवसापासून पोरं मला 'कंडक्टर' म्हणायला लागली.

हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. वर्ष गेलं असतं तर मी पुन्हा कॉलेजात येऊ शकलो नसतो, आईशेजारी खडी फोडायला बसलो असतो. म्हणून मी सोपा मार्ग काढला: डबा आणणंच सोडून दिलं. दहाला वर्गात हजर, दिवसभर नळाचं पाणी, आणि संध्याकाळी खोलीतल्या जोडीदाराने पुढे केलेले मूठभर फुटाणे. चार दिवस माझा डबा शेवगाव करून गावाला परत गेला.

शनिवारी घरी गेलो. आईने भाकरी वाढली आणि माझ्याकडे पाहत बसली. भाकरी मिलोची होती, रेशनवर मिळणाऱ्या त्या तांबड्या ज्वारीची. त्या वर्षी तिच्यावरच आम्ही जगत होतो.

"डबं माघारी आलं," ती म्हणाली.

"पोट बिघडलं होतं."

"तांबड्या भाकरीची लाज वाटती आसंल तर तसं सांग बाबा. पोरांत बसून खायाची, मला कळतंय."

मी नाही नाही म्हणालो, पण खरं कारण सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणजे उंबऱ्यावर पुन्हा एकदा उभं राहणं, तेही तिच्यापुढे. सोमवारी मला राहवलं नाही. लेक्चर बुडवून स्टँडवर गेलो आणि डबा उघडला तर आत गव्हाच्या चार पोळ्या होत्या. सणासाठी मडक्यात राखलेले गहू तिने दळले होते. घरी बाकीचे मिलोच खात असणार. त्या पोळ्या मी स्टँडच्या बाकावर बसून खाल्ल्या, आणि खाताना ठरवलं की या माणसाला एक दिवस उंबऱ्यावर उभं करायचं. परीक्षा, नोकरी, सगळं त्याच्यानंतर.

दुपारी प्रॅक्टिकल होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर डेमॉन्स्ट्रेटर होते, निवृत्तीला आलेले. काळी टोपी, कोपरावर चकचकीत झालेला कोट, आणि एक जुनी सायकल. सोमवारी माझं निभावलं. मंगळवारी पुन्हा डबा सोडून वर्ग गाठला, आणि बुधवारी दुपारी एकाच तारेची जाडी मी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा लिहिला.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"काय जेवलास?"

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विचारणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतःच्या डब्यातली चपाती दिली, आणि मी खात असताना फक्त दोन गोष्टी विचारल्या: गाडी कुठली आणि फडकं कुठल्या रंगाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीत माझा डबा होता. ते घरून येताना स्टँडवर थांबायचे, गाडीची वाट पाहायचे, आणि डबा सायकलच्या हँडलला अडकवून आणायचे. त्यांचं काम अकराला सुरू व्हायचं. परीक्षेपर्यंत एक दिवस खाडा नाही. या गोष्टीवर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत, आणि मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "जर्नल पूर्ण कर आधी."

मी पास झालो, बऱ्यापैकी चांगला. ते निवृत्त झाले आणि त्र्याहत्तरच्या जूनमध्ये त्यांच्याच जागेवर मला तात्पुरतं घेतलं. किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. घरी आनंदीआनंद होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं.

आता सकाळी दहाचं एक प्रॅक्टिकल माझ्याकडे होतं, आणि देखरेख त्याच्याकडे. तो यायचा सव्वादहाला, चहा पिऊन, सावकाश. पहिले काही आठवडे मी नुसतं पाहत राहिलो. मग एका मंगळवारी हजेरी संपवून मी दाराला आतून कडी लावली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

दार वाजलं. मी एक फळी उघडली. मस्टर हातात होतं.

"उशीर झाला सर," मी मोठ्याने म्हणालो. "कारण?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागे तीस पोरं ऐकत उभी होती. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो गांगरला आणि खरंच बोलून गेला, "चहाला थांबलो होतो."

सगळी प्रयोगशाळा हसली. मी दार उघडून बाजूला झालो. मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. प्राचार्यांनी बोलावून दम दिला, पुढच्या वर्षी नोकरीची खात्री नाही असंही सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि बाहेर येऊन शीळ घातली. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवारी हजेरी घेताना लक्षात आलं की एक मुलगी मंगळवारपासून आलेली नाही. आमच्याच बाजूची, रोज त्याच गाडीने येणारी. दहा-बारा मिनिटं उशीर तिला नेहमीच व्हायचा. ती गुपचूप आत यायची आणि मी गुपचूप हजेरी लावायचो. काहीतरी आणायला मी बाहेर पडलो तर ती व्हरांड्याच्या टोकाला पायरीवर बसलेली, मांडीवर जर्नल.

"आत का नाही आलीस?"

ती उभी राहिली. "गाडी उशिरा आली सर."

"ती रोजच येते. मग?"

"तुमी आता कारन इचारता ना," ती म्हणाली. "त्या सरांना इचारलं तसं, म्या भाईरून ऐकलं. मला पोरांपुढं न्हाई सांगता यायचं."

चार दिवस ती गावाहून येऊन पायरीवर बसत होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात होती. घरी तिनेही काही सांगितलं नसणार.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो सर."

"काय?"

मी तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि माझा डबा तिच्यापुढे ठेवला. मग पेचकस घेतला आणि सगळ्यांदेखत दाराची कडी उखडून काढली.

लोक म्हणतात, बदला घेतला की राग निवतो. माझा त्या दिवशी दुप्पट झाला. आधी त्याने माझी भाकरी माघारी धाडली होती. आता मला पुरता स्वतःसारखा करून तो स्टाफरूममध्ये चहा पीत बसला होता.