शनिवारी दहाला हसायचं

लोकांना हसवून पोट भरणाऱ्या माणसाइतका शेजाऱ्याचा जीव खाणारा प्राणी जगात दुसरा नसेल, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. पुरावा म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांना उभं करीन. 'साहेब' हे नाव माझ्या बायकोनं, शर्वरीनं ठेवलेलं. अस्सल इंग्रज, वय शहात्तर, उंची सहा फूट, आणि चेहरा असा की नुकतीच कुणाची तरी प्रेतयात्रा आटोपून आले आहेत. जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्ममध्ये निम्मं गाव गाड्यांच्या कारखान्यात आणि बाकीचं द्राक्षांच्या मळ्यात असतं. तिथे ब्रिटिश टेलिव्हिजनवरचा एक निवृत्त विनोदी नट काय करतो, असं कुणीही विचारील. उत्तर सोपं आहे. बायको इथली. ती लंडनच्या स्टुडिओत रंगभूषा करायची. तीस वर्षं तिनं साहेबांच्या नाकाला पावडर लावली आणि एक दिवस आता माहेरी जाऊन राहू या म्हणाली. साहेब मागोमाग आले. चार वर्षांपूर्वी ती गेली. ती आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहे आणि साहेब आमच्या डोक्यावर.

त्यांची कारकीर्द मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण त्यांनी ती मला जिन्यात, तळघरात कपडे वाळत घालताना आणि एकदा तर मी दाताच्या डॉक्टरकडे निघालेलो असताना ऐकवली आहे. सुरुवात वेटरच्या कामापासून. वाक्य एकही नाही, फक्त सूप सांडायचं. पुढे काही वर्षं दुसऱ्या क्रमांकाचा पोलीस, तिसऱ्या क्रमांकाचा पाद्री, आणि एका मालिकेत तर वर्तमानपत्रामागचा माणूस, म्हणजे चेहराही नाही. शेवटी कॉलेजातल्या एका मित्राबरोबर त्यांनी स्वतःच मालिका लिहिली. एका छोट्या रेल्वे स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस, आणि त्यातला कारकून म्हणजे साहेब. कुणी छत्री हरवून येई, कुणी कवळी, कुणी लग्नाचा केक, एका भागात तर नवरी. कारकून मान वर न करता म्हणे, "आधी फॉर्म भरा." एवढ्या तीन शब्दांवर म्हणे अख्खं इंग्लंड पाच वर्षं गडाबडा लोळलं. मग लोकांची आवड बदलली, मालिका बंद पडली, जोडीदार वारला, फोन वाजेनासा झाला.

आता हा विनोद घेऊन हा माणूस जर्मनीत राहायला आला, यातच त्यांची व्यवहारबुद्धी दिसते. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर साहेबांनाही आमच्यासारखंच परदेशी लोकांच्या ऑफिसात राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं. बारा वर्षं इथे राहून त्यांना जर्मन येतं एवढंच, 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर', आणि ते साहेब कशालाही म्हणतात. म्हणून दुभाष्या मी. इंग्रज माणूस परवान्याच्या रांगेत आणि मराठी माणूस त्याची रदबदली करतोय, हे पाहायला माझे आजोबा हवे होते. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी फॉर्म भरा." मी त्याचं इंग्रजी केलं आणि साहेबांना वाटलं, ही आपली चाहती. ते इतके खूश झाले की टाळ्या वाजवल्या, खिशातून पेन काढून सही देऊ लागले. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. साहेब माझ्या कानात म्हणाले, "बघ, माझ्यापेक्षा चांगलं म्हणते. डोळे उचलत नाही." मला त्या दिवशी अर्धी रजा टाकावी लागली होती, आणि पुढच्या अपॉइंटमेंटसाठी आणखी अर्धी.

दुसरा छळ जिन्याचा. आमच्या भागात केरवोखं नावाची एक पवित्र प्रथा आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडानं जिना झाडून पुसायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. पाळी चुकवणाऱ्याला तळमजल्यावरच्या बाई वाळीत टाकतात. साहेब पाळी कधी चुकवत नाहीत. उलट पाटी दारावर लागली की त्यांच्या अंगात संचारतं, कारण बादली, ओली फरशी आणि जिना या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांना पडून बघायचं असतं. सूप सांडणाऱ्या वेटरच्या दिवसांत ते पडण्यात पटाईत होते आणि अजून जमतं का, ही त्यांची कायमची चिंता. पहिल्यांदा ते बादलीसकट अकरा पायऱ्या खाली आले तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंनी अँब्युलन्स बोलावली. साहेब उठले, बाईंना लवून नमस्कार केला आणि मला विचारलं, "बादली माझ्या आधी पोचली का नंतर?" मी म्हटलं, आधी. "मग चुकलं," म्हणाले. दुसऱ्यांदा अँब्युलन्स आली तेव्हा बादली नंतर पोचली होती. आता त्यांच्या पाळीच्या आठवड्यात मीच पहाटे उठून त्यांचा जिना पुसून टाकतो. शर्वरी म्हणते, तुम्हाला स्वतःच्या घरात कधी फडकं हातात घेतलेलं पाहिलं नाही.

पण खरा सापळा गेल्या हिवाळ्यात लागला. लंडनच्या एका वाहिनीनं साहेबांना पत्र पाठवलं. जुन्या विनोदी लेखकांकडून अर्ध्या तासाचं एकेक नवं नाटुकलं मागवत होते, पसंत पडलं तर लेखकानंच त्यात काम करायचं, समोर खरे प्रेक्षक बसवून. मे अखेरपर्यंत संहिता हवी होती. साहेब पत्र घेऊन खाली आले. "वीस वर्षांनी," ते म्हणाले. "पुन्हा एकदा त्या दिव्यांखाली उभं राहायचंय. एकदाच. मग मी खुशाल टेकडीवर जातो, तिच्या शेजारी." मी म्हटलं, काही मदत लागली तर सांगा. हे वाक्य आपण शंभर वेळा म्हणतो आणि समोरचा माणूस ते कधी मनावर घेत नाही, या भरवशावर म्हणतो. साहेबांनी घेतलं.

विनोद एकट्यानं लिहिता येत नाही, असं त्यांचं शास्त्र. एकानं खोलीत फेऱ्या मारत वाक्यं म्हणायची, दुसऱ्यानं खुर्चीत बसून टाइप करायचं. खुर्चीवाला त्यांचा जोडीदार आता नव्हता, म्हणून शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता खुर्चीत मी. माझ्या लॅपटॉपचा आवाज होत नाही म्हणून त्यांनी खडखडाट करणारा कीबोर्ड विकत आणला. नोव्हेंबर ते एप्रिल, एक शनिवार सुटला नाही. ते फेऱ्या मारत, एक वाक्य म्हणत आणि माझ्याकडे बघत. आणि मी हसायचो.

इथे मला कबूल केलं पाहिजे की मला हसू येत नव्हतं. कारखान्यात माझं काम गाडीच्या दारांचा आवाज तपासण्याचं. दार लागताना तो भारदस्त 'धप्' आला पाहिजे. दिवसातून वीस वेळा मी मोठमोठ्या इंजिनिअरांना तोंडावर सांगतो की नाही, हे दार चालणार नाही. पण बापाच्या वयाचा माणूस, बायको गेलेली, डोळ्यांत जीव आणून बघतोय, त्याला 'नाही' कसं म्हणायचं? आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी विनोद केला की हसायचं असतं. काकांच्या त्याच त्या विनोदाला दर दिवाळीत हसतच मी मोठा झालो. तेव्हा हसायचो, आणि साहेब त्या ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. पान खुणांनी भरलं की खूश होऊन मला चहा द्यायचे, आणि तोही मी आवडीनं प्यायचो, म्हणजे बघा.

एप्रिलमध्ये शर्वरीची आई आली, तीन महिन्यांसाठी. सातारची बाई, तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेलं. शनिवारी जावई नटूनथटून वर जातो कुठे, म्हणून त्याही डब्यात चकल्या घेऊन वर आल्या. साहेब चकलीवर बेहद्द खूश झाले आणि म्हणाले, आज आपल्याला प्रेक्षक मिळाला. मग ते वाचायचे आणि मी मराठीत सांगायचो. प्रवेश असा होता की म्हातारा कारकून आपलीच हरवलेली छत्री शोधत आपल्याच जुन्या ऑफिसात येतो. तीन पानं झाली. मी पाच वेळा हसलो. आई एकदाही नाही.

"छत्री त्याच्याच हातात आहे, हे आपल्याला पहिल्या ओळीत कळलंय," त्या म्हणाल्या. "मग तो तीन पानं काय शोधतोय?"

"आई, तीच तर गंमत आहे."

"गंमत आहे ना? मग त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच तुम्ही कसे हसलात? जावईबापू, तुम्ही खोटं हसता. शाळेत इन्स्पेक्टर आले की आमचे हेडमास्तर असेच हसायचे."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, छत्री आवडली. पण नटाला चेहरे वाचता येतात. त्यांनी चकली खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं, हेडमास्तरांसकट.

"तू ओळ संपायच्या आधी हसतोस, ते मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं," साहेब म्हणाले. "मला वाटलं, भारतात असंच हसत असतील."

"तुम्ही विचारायचं तरी!"

"एखाद्या देशाच्या हसण्याबद्दल कसं विचारणार? ते असभ्य दिसतं." मग म्हणाले, "संहिता परवाच पाठवली मी. सगळ्या पानांवर खुणा होत्या ना."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि मी ती चांगुलपणा दाखवण्याच्या नादात घालवली होती. खरं तर मला माझाच राग यायला हवा होता, पण मी साहेबांवरच चिडलो. म्हटलं, तुमचा तो जोडीदार खुर्चीत बसून करायचा तरी काय? साहेब म्हणाले, "टाइप करायचा, आणि 'नाही' म्हणायचा. इतक्या वर्षांत दुसरं काही बोलला नाही. फार एकटं वाटतं त्याच्याशिवाय." आईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मग पुन्हा लिहा म्हणावं. शाळेत पोरं सात-सात वेळा निबंध लिहितात. मे संपायला अवकाश आहे."

तिथून पुढचे पाच आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. वाहिनीनं सुधारलेली संहिता चालेल असं कळवलं. आई सोफ्यावर विणकाम घेऊन, मी खुर्चीत, साहेब फेऱ्या मारत. पहिलं 'नाही' मी कीबोर्डकडे बघत म्हटलं. साहेब थबकले, वळले, आणि त्या प्रेतयात्रेच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "पुन्हा म्हण," म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. मग काय, शंभर 'नाही' म्हटले. छत्री गेली, ऑफिस गेलं, तीन शब्दही गेले. राहिला एक म्हातारा, परक्या देशातल्या जिन्यात, दारावर पाटी लागलेली, आणि कुणी बघायला नाही म्हणून पडायचं थांबलेला. ते वाचल्यावर आईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "हं. आता पाठवा." तेवढं शिफारसपत्र त्यांनी उभ्या आयुष्यात मोजक्या विद्यार्थ्यांना दिलं असेल.

जूनमध्ये आई परत गेल्या. जुलैत उत्तर आलं. शनिवारी दहाला वर गेलो तर साहेब कोट-टाय घालून उभे. म्हणाले, बस, वाचून दाखवतो. आणि पत्र त्यांनी रंगमंचावर वाचावं तसं वाचलं. आपले आभार. आपण आमच्या टेलिव्हिजनचा अमोल ठेवा आहात. तथापि. 'तथापि'वर ते इतका वेळ थांबले की मी खुर्चीत अवघडलो. तथापि यंदा जागा मर्यादित होत्या. आपल्या दिवंगत जोडीदारावरच्या कार्यक्रमात दोन मिनिटांच्या आठवणी सांगाल का. शेवटी लिहिलं होतं की आपली संहिता वाचून आमच्या ऑफिसात सगळे पोट धरधरून हसले. साहेबांनी पत्राची घडी केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओळ संपायच्या आधी."

आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, कीबोर्डवर डोकं टेकलं, श्वास मिळेना. मनात लाज वाटत होती, की या माणसाचं सगळं आत्ता संपलंय आणि आपण हसतोय काय! पण थांबता येईना, आणि त्या हसण्यात मला त्या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की शेवटी मी हसतोय का रडतोय तेही कळेना. साहेब हसले नाहीत. मुरलेला नट प्रेक्षकांच्या हशात आपलं वाक्य वाया घालवत नाही. पत्र हातात घेऊन, मान किंचित कलती करून, ते माझं हसू पुरं होईपर्यंत ऐकत उभे राहिले. मग खिडकीपर्यंत गेले, वळले, आणि पुढची ओळ म्हणाले.