खग म्हणजे पक्षी?

‘खगाय नमः’ म्हणजे ‘पक्ष्याला नमस्कार’, असं मी एकदा भर वर्गात ठोकून दिलं. वर हात पसरून पंखही हलवून दाखवले. समोर हवाई दलाची माणसं, आणि मी त्यांना उडून दाखवतेय! आता नात विचारते, "आजी, आप इतनी कॉन्फिडेंट कैसे थीं?" अगं, डिप्लोमा नवा होता.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून लखनऊला आले आणि जवळच्या बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळावर सकाळचा योगाचा क्लास घेऊ लागले. सूर्यनमस्काराच्या प्रत्येक आवर्तनाआधी सूर्याचं एक नाव घेतात. मित्र, रवी, सूर्य, भानू, मग खग.

मागच्या रांगेतून आवाज आला, "मैम, सूरज चिड़िया कब से हो गया?"

हे स्क्वाड्रन लीडर मिश्रा, ट्रान्सपोर्ट विमानाचे पायलट. पाठीतली डिस्क सरकल्यामुळे ग्राउंड झालेले. म्हणजे मेडिकल बोर्ड ‘फिट’ म्हणेपर्यंत विमान चालवायला बंदी. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, यांचं पुढे वाकणं सध्या बंद. त्यामुळे सगळे नमस्कार घालत, तेव्हा हे नुसते हात जोडून उभे.

"बाकी लोग नमस्कार करते हैं, मैं तो खंभा हूँ," ते चिडून म्हणायचे. "बोर्ड ने मना कर दिया, तो ज़िंदगी भर फ़ाइलें ढोऊँगा."

त्यांच्या चिमणीच्या प्रश्नावर "कल बताती हूँ," म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन साताऱ्याला फोन लावला. माझे वडील, अण्णा, तालमीत वाढलेले. म्हातारपणीही नमस्कार चुकवत नसत.

"अगं, ‘ख’ म्हणजे आकाश, ‘ग’ म्हणजे जाणारा. आकाशातून जातो तो खग. पक्षी जातो, सूर्यही जातो. तू काय सांगितलंस?"

"पक्षी."

"शाबास! आणि वर फी घेतेस?"

मनसोक्त हसून झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. आज घालतो ती आसनांची साखळी तशी अलीकडची, तालमींनी आणि शाळांनी रुळवलेली. पण उगवत्या सूर्याला ओंजळभर पाणी देणं, त्याच्यासमोर हात जोडून उभं राहणं वेदकाळापासूनचं. "तुझा तो नुसता उभा राहणारा पायलट आहे ना," अण्णा म्हणाले, "तो सगळ्यांत जुना नमस्कार घालतोय."

दुसऱ्या दिवशी एवढं धुकं होतं, की पुढची रांग मागच्या रांगेला दिसेना. मी चूक कबूल केली आणि अण्णांचं सगळं बोलणं सांगितलं. मिश्रा पूर्वेकडे बघत हळूच म्हणाले, "मैम, ये कोहरा बस इतना-सा है." दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवलं. "इसके ऊपर अभी चकाचक धूप होगी. नीचे सफ़ेद खेत बिछा होगा, और वो चला जा रहा होगा."

आम्ही सगळे एका करड्या भिंतीकडे तोंड करून उभे होतो. लहानपणापासून ती नावं मी मोजणीसारखी म्हणत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, पलीकडून खरंच कुणीतरी चाललंय. आपण बघू न बघू, चाललंय. अंगावर काटा आला. पुढचं नाव पूषन्, पोसणारा. ते मी सावकाश, अर्थ धरून म्हटलं.

त्यानंतर मिश्रांनी स्वतःला खांब म्हटलं नाही. हळूहळू भुजंगासन जमलं, पुढे वाकणं सगळ्यांत शेवटी. बोर्डाने ‘फिट’ म्हटलं. श्रेय डॉक्टरांचं आणि मिश्रांच्या चिकाटीचं. मी शिकले ते एवढंच: मंत्राचा अर्थ वर्गाच्या आधी बघून ठेवावा.

बंदी उठल्यावरचं पहिलं विमान उतरवून मिश्रा युनिफॉर्मवरच क्लासला आले. मी विचारलं, "कैसा रहा?"

"मैम, आज सूरज दो बार उगा. ऊपर निकल आया था, उतरे तो नीचे अभी अँधेरा था, फिर से निकला. पहली बार हाथ कंट्रोल पर थे. दूसरी बार खाली थे, तो जोड़ लिए."