मंदारसरांच्या नावाचं फोल्डर

कामठ्याची योगेश्वरी रहांगडाले घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. शेतपंपाच्या कंट्रोलरमध्ये चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. त्यासाठी आधी लॅपटॉपवर सगळी जुळणी करावी लागते, आणि त्यातच तिचे चार दिवस गेले. पुण्याच्या ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठ मंदारसरांनी लिहून दिलेली एकेक पायरी तिनं दोनदा केली, तरी बिल्ड, म्हणजे सगळ्या फाइलींतून सिस्टिम तयार करायचं काम, अर्ध्यातच फेल व्हायचा.

"माझ्याकडे तर चालतं," सर म्हणायचे. "तुमच्या गावचं नेट बघा."

नेटसाठी ती गोंदियाला मावशीकडे जाऊन बसली. तिथंही तेच.

पाचव्या दिवशी तिनं एकूण एक फाइल उघडून वाचली. सरांनी जागोजागी स्वतःच्या लॅपटॉपवरच्या, स्वतःच्या नावाच्या फोल्डरचा पत्ता घालून ठेवला होता. तिनं दातओठ खात आपल्या लॅपटॉपवर त्याच नावाचं फोल्डर केलं आणि सगळ्या फाइली त्यात हलवल्या. बिल्ड पहिल्याच खेपेला पार पडला.

मीटिंगमध्ये सर हसले. "सुधारलं वाटतं नेट."

योगेश्वरीच्या तोंडी रागानं घरची बोली आली.

"नेट तेच हाये, सर. आमच्या कामठ्यात रस्ता सांगणारा मानूस, इचारणारा जिथं उभा हाये तिथून सांगते. सोताच्या घरून नाही सांगत."